अडतीस द्या

“ताई, कितीची देऊ?”

“अडतीस.”

“साधी की पॅडेड?”

“साधीच. काळी असेल तर बघा.”

दादर असो, पुण्याची तुळशीबाग असो, की तालुक्याच्या गावातलं होजिअरीचं दुकान, ब्राची खरेदी बहुधा एवढ्या बोलण्यात उरकते. दुकानदार वरच्या फळीवरून खोका काढतो. बाई वस्तू पुरती उलगडूनही बघत नाही, पैसे देते आणि काळ्या पिशवीतलं पुडकं पर्सच्या तळाशी सारते. घालून बघायची सोय नसते. गल्ल्यामागे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी असतेच. साडी घेताना दुकानदाराला गठ्ठेच्या गठ्ठे उलगडायला लावणारी बाई, दिवसभर अंगाला चिकटून राहणारा कपडा मात्र दोन मिनिटांत घेऊन मोकळी होते.

बायकांची आवड वेगवेगळी असते, असं या व्यवसायातले लोक नेहमी सांगतात. ते खरंच आहे. पण आवड म्हणून जे मोजलं जातं, त्यातला मोठा भाग त्या दोन मिनिटांनी ठरवलेला असतो असं माझं म्हणणं आहे. सुरुवात त्या अडतीसपासूनच करू.

हा आकडा बाईला कळलेला असतो तो बहुतेक वेळा ब्लाउजवरून. शिंपी टेप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून फिरवतो आणि वहीत 38 लिहितो. ब्लाउज शिवायला ते माप बरोबर आहे. ब्रावरचा 38 मात्र दुसऱ्याच जागेचा. तो पाठीवरून येऊन स्तनांच्या खाली, बरगड्यांवर बसणाऱ्या पट्ट्याचा आकडा. छाती किती भरलेली आहे ते त्या आकड्यात नसतंच, ते पुढच्या अक्षरात असतं: ए, बी, सी, डी.

त्यातही गोम आहे. पट्ट्याचा आकडा म्हणजे बरगड्यांचा घेर, असंही नाही. आपल्याकडे मिळणाऱ्या बहुतेक ब्रँडच्या तक्त्यांत बरगड्यांच्या घेरात चार-पाच इंच मिळवलेले असतात. अनेक ब्रांच्या लेबलावर 34 च्या शेजारी बारीक अक्षरात 75 छापलेलं दिसेल. ते युरोपी माप, सेंटीमीटरमधलं. 75 सेंटीमीटर म्हणजे साधारण साडेएकोणतीस इंच. याचा अर्थ 34 ची ब्रा ज्या बाईसाठी केलेली आहे, तिच्या बरगड्यांचा घेर 34 नाही, तीसच्या आसपास आहे. ही मिळवणी करून आलेला पट्ट्याचा आकडा आणि छातीचं पूर्ण माप यांतला फरक म्हणजे कप: एक इंच असेल तर ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी.

आता दोन बायका डोळ्यांपुढे आणू. दोघींचा ब्लाउज अडतीसचा. पहिली चणीने बारीक पण छातीने भरलेली, बरगड्यांचा घेर 30. तिचा पट्टा 34 आणि फरक चार इंचांचा, म्हणून तिची साइज 34 डी. दुसरी पाठीने रुंद, छातीने बेताची, बरगड्यांचा घेर 34. तिचा पट्टा 38 आणि कप ए किंवा त्याहूनही लहान. दोघी एकाच काउंटरवर उभ्या राहून ‘अडतीस’ म्हणतात. साध्या होजिअरीच्या ब्रावर पुष्कळदा अक्षर छापलेलंच नसतं, नुसता आकडा असतो आणि कप बहुधा बीच्या मापाचा. म्हणजे दोघींच्या हाती पडते 38 बी.

दुसरीला घरी गेल्यावर लगेच कळतं, कारण कपाला वरच्या बाजूने चुण्या पडतात. पहिलीला मात्र कळत नाही, आणि तिचीच गोष्ट अधिक त्रासाची आहे. कपातली जागा एकट्या अक्षरावर ठरत नाही. पट्टा दोन इंचांनी वाढवला आणि अक्षर एक पायरी खाली आणलं की कप जवळपास तेवढाच राहतो. 34 डी, 36 सी आणि 38 बी या तिन्हींचे कप सारखे. त्यामुळे पहिली बाई 38 बी घालून आरशात बघते तेव्हा कप नीट भरलेला दिसतो, चुकल्यासारखं काही वाटत नाही. चुकलेला असतो तो मागचा पट्टा, चक्क चार इंचांनी.

आणि भार पेलण्याचं काम मुख्यतः पट्ट्याचं असतं, खांद्यावरच्या बंदांचं नाही. सैल पट्टा पाठीवर वर चढतो, तसा समोरचा भाग खाली झुकतो. मग बाई बंद आवळते. आवळलेले बंद पाठीचा पट्टा आणखी वर ओढतात, की पुन्हा बंद आवळायचे. संध्याकाळी घरी आल्यावर खांद्यांवर लाल वळ आणि मानेला रग. “मला ब्रा सोसतच नाही, घरी आले की आधी काढून फेकते,” असं सांगणाऱ्या कितीतरी जणींचं दुखणं ब्राचं नसतं, त्या चार इंचांचं असतं. ज्यांची बरगडी आणि छाती यांत नेमका चार-पाच इंचांचा फरक आहे, त्यांना ब्लाउजचा आकडा निदान पट्ट्यापुरता लागू पडतो. म्हणून मैत्रिणीला जे जमतं ते आपल्याला का जमत नाही, हे कोडं सुटत नाही.

माप घरी घेता येतं. टेप स्तनांच्या लगेच खाली, पाठीवर आडवी सरळ, श्वास सोडून, टेप अंगाला टेकलेली. दुसरं माप पॅड नसलेली ब्रा घालून, सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप न आवळता. हे दोन आकडे घेऊन त्या ब्रँडचाच तक्ता बघायचा. ब्रँडचाच म्हणते याला कारण आहे. काही ब्रिटिश कंपन्या आणि माप घेणाऱ्या जाणकार बायका हे चार-पाच इंच मिळवणं अजिबात मानत नाहीत. बरगडीचा घेर हाच त्यांचा पट्टा. अक्षरांचंही तसंच. जपानी पद्धतीत 10 सेंटीमीटर फरकाला ए आणि पुढे दर अडीच सेंटीमीटरला एक अक्षर. युरोपी पद्धतीत ए सुरू होतो 12 सेंटीमीटरपासून. डीच्या पुढे ब्रिटिश लोक डीडी, ई, एफ, एफएफ असे जातात, अमेरिकी डीडी आणि डीडीडी. भारतातल्या एकाच मॉलमध्ये या सगळ्या घराण्यांचे ब्रँड शेजारी शेजारी टांगलेले असतात. तेव्हा ‘माझी साइज’ ही जन्मभराची ओळख मानू नये. शिवाय डी म्हणजे फार मोठं, या समजुतीने बायका दचकतात आणि बीच बरी म्हणून घेतात. वरच्या उदाहरणातली डीवाली बाई अंगाने बारीक आहे, हे लक्षात असू द्यावं.

या अक्षरांचं वय शंभरच्या आतच आहे. न्यूयॉर्कच्या मेरी फेल्प्स जेकब या तरुणीने दोन हातरुमाल आणि रिबन यांपासून केलेल्या ब्राचं पेटंट 3 नोव्हेंबर 1914 रोजी मिळवलं आणि पुढे ते वॉर्नर या कॉर्सेट बनवणाऱ्या कंपनीला 1,500 डॉलरला विकून टाकलं. तिच्या ब्राला कप असे नव्हतेच. 1920 च्या दशकात न्यूयॉर्कमध्येच आयडा रोझेंथल, तिचा नवरा विल्यम आणि भागीदार एनिड बिसेट यांनी आपल्या कपड्यांच्या दुकानातून मेडनफॉर्म हा ब्रँड उभा केला. ए ते डी ही अक्षरं 1930 च्या दशकात एस. एच. कॅम्प या अमेरिकी कंपनीने आणली. अंगाबरोबर ताणला जाणारा आणि पुन्हा पूर्ववत होणारा स्पॅन्डेक्सचा धागा ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी 1958 मध्ये तयार केला. आजच्या ब्राचा पट्टा पकडून राहतो तो या धाग्यामुळे, आणि ढिला पडतो तोही याच धाग्याने दम सोडला की. म्हणूनच नवी ब्रा नेहमी सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सर्वांत सैल हुकावर बसली पाहिजे. आतल्या हुकांच्या रांगा पुढे पट्टा सैलावेल तेव्हासाठी राखून ठेवलेल्या असतात. नवी ब्राच आतल्या हुकावर घालावी लागत असेल तर ती पहिल्या दिवसापासून मोठी आहे.

‘80 टक्के बायका चुकीच्या मापाची ब्रा घालतात’ हे वाक्य जाहिरातींत सारखं वाचायला मिळतं. असा आकडा देणारा एक अभ्यास ऑस्ट्रेलियातला, 2008 सालचा आहे. त्यात पाठीचा मधला भाग दुखत असलेल्या, 18 ते 26 वयाच्या 30 मुली होत्या. त्यांतल्या 80 टक्के मुलींची ब्रा चुकीच्या मापाची निघाली, बहुतेकींची लहान. तीस मुलींवरून जगातल्या सगळ्या बायकांबद्दल बोलणं मला पटत नाही. माप चुकणं सर्रास आहे हे मान्य, पण जिथे मापाच्या पद्धतीच एकमेकींशी जुळत नाहीत, तिथे चूक बाईच्या पदरात टाकणारं वाक्य विक्रेत्याला सोयीचं असतं एवढंच.

आता आवडीनिवडीकडे येते. 1977 साली अमेरिकेत दोन धंदे सुरू झाले. कॅलिफोर्नियात रॉय रेमंड नावाच्या गृहस्थाला बायकोसाठी अंतर्वस्त्रं आणायला गेल्यावर दुकानात अवघडल्यासारखं झालं होतं. पुरुषाला संकोच न वाटता खरेदी करता यावी असं दुकान हवं म्हणून त्याने व्हिक्टोरियाज सीक्रेट काढलं. त्याच वर्षी देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हरमाँट राज्यात, लिसा लिंडाल ही पळायला जाणारी बाई स्तनांच्या हिसक्यांनी हैराण झाली होती. वेषभूषेचं काम करणाऱ्या पॉली स्मिथ आणि हिंडा मिलर यांच्यासोबत तिने पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटवजा पट्टे एकत्र शिवून पहिली स्पोर्ट्स ब्रा केली. तिचं नाव जॉगब्रा.

एक दुकान बघणाऱ्याच्या नजरेने मांडलेलं, एक वस्तू घालणारीच्या दुखण्यातून निघालेली. रेमंडचं दुकान पुरेसं चाललं नाही. 1982 मध्ये लेस्ली वेक्सनर यांनी ते विकत घेतलं आणि गिऱ्हाईक म्हणून बायकांकडे तोंड वळवलं, तेव्हा कुठे ते वाढलं. जॉगब्राचं तर शास्त्र पुढे उभं राहिलं. स्तनात स्नायू नसतात. ग्रंथी, चरबी आणि त्यांना धरून ठेवणारे नाजूक तंतू, एवढंच असतं. लंडनचे शल्यचिकित्सक ॲस्टली कूपर यांचं नाव या तंतूंना आहे. पळताना स्तन नुसते वर-खाली होत नाहीत, आजूबाजूला आणि पुढे-मागेही हलतात. इंग्लंडच्या पोर्ट्समथ विद्यापीठातला संशोधकांचा गट ही हालचाल बरीच वर्षं मोजतो आहे. भरलेल्या छातीच्या मुलीला शाळेच्या मैदानावर पळावंसं वाटत नाही, तेव्हा त्याला आळस म्हणण्याआधी तिच्याकडे घट्ट बसणारी स्पोर्ट्स ब्रा आहे का ते विचारावं. पोलीस भरतीसाठी पहाटे पळणाऱ्या कित्येक मुली साध्या ब्रावर दुसरी ब्रा चढवून धावतात. त्यांना ही वस्तू ठाऊक नसते असं नाही, ती तालुक्याच्या दुकानात त्यांच्या मापाची मिळत नाही.

बाकी पसंती कशावर ठरते? वर काय घालायचं आहे, यावर पुष्कळसं. सुती साडीच्या कटोरी ब्लाउजखाली शिवण असलेली साधी ब्रा उत्तम बसते. ब्लाउजच्या शिवणी आणि ब्राच्या शिवणी एकमेकींना झाकतात. तीच ब्रा पातळ कुर्तीखाली किंवा टी-शर्टखाली घातली की प्रत्येक शिवण उठून दिसते. मग बिनशिवणीचा, साच्यात दाबून केलेला कप लागतो. म्हणून साडीतून सलवार-कुर्त्याकडे आणि तिथून टी-शर्टकडे गेलेल्या घरात आई आणि मुलगी यांची ब्रा वेगळी दिसते. दोघींचा स्वभाव वेगळा, असा त्याचा अर्थ लावायची गरज नाही. रंगाचंही असंच. पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी ब्रा दिसत नाही असं अनेकींना वाटतं, पण ती चांगली दिसते. दिसत नाही ती आपल्या कातडीच्या रंगाच्या जवळची. आता दुकानात ‘स्किन’ म्हणून जो फिकट रंग मिळतो तो महाराष्ट्रातल्या किती बायकांच्या कातडीचा आहे? गव्हाळ आणि सावळ्या अंगासाठी गडद तपकिरी छटा असली पाहिजे, आणि ती दुकानदाराकडे आवर्जून मागितली पाहिजे.

पॅडबद्दल मोठा गैरसमज आहे. युरोप-अमेरिकेत 1990 च्या दशकात वंडरब्राची लाट आली ती छाती उठावदार दिसावी म्हणून. आपल्याकडे पॅडेड ब्रा मागणाऱ्या मुलींचं कारण मी ऐकलं आहे ते बहुतेकदा उलट: स्तनाग्रं कपड्यातून दिसू नयेत, लोकलमध्ये, ऑफिसात, वर्गात कुणाची नजर तिथे जाऊ नये. वस्तू तीच, पण एकीला दिसायचं आहे आणि दुसरीला झाकायचं आहे. ‘मुलींना हल्ली फॅशन हवी’ असं म्हणून दोघींना एका खात्यात टाकणं अन्यायाचं आहे.

हवा हाही एक मोठा भाग. कोकणात, मुंबईत, गोव्यात घामाने पट्ट्याखाली घामोळं उठतं, खाज सुटते, बुरशीचा संसर्ग होतो. तिथे रोजच्या वापराला सुती बरं, आणि पट्ट्याची कड रुंद नि मऊ असलेली बरी. सुती कापड घाम शोषतं, पण ओलं राहतं. पळताना, व्यायामाला लवकर वाळणारं कृत्रिम धाग्याचं कापड सोयीचं. मात्र कापड कुठलंही असो, ते नीट वाळलं पाहिजे. आपल्या घरांत ब्रा वाळत घालतात कुठे? न्हाणीघरातल्या खिळ्यावर, किंवा दोरीवर टॉवेलच्या नाहीतर ओढणीच्या पोटात. उन्हाचा कण लागत नाही. पावसाळ्यात दमट राहिलेली तीच ब्रा सकाळी पुन्हा अंगावर चढते. त्वचेच्या डॉक्टरांनी मलम दिलं तरी खाज परत परत येते याचं एक कारण त्या दोरीवर असतं. घरातल्या पुरुषांच्या बनियनला जेवढं ऊन मिळतं तेवढं ब्रालाही मिळायला हवं. यात लाज कसली?

ही लाज दुकानातही असते आणि तिचा हिशेब पैशात द्यावा लागतो. रस्त्यावर शंभर-दीडशेला मिळणारी ब्रा काही महिन्यांत सैल होते. चांगल्या ब्रँडची सात-आठशेच्या पुढे जाते. घालून बघता येत नसेल तर महागाच्या वस्तूवर पैसे लावायला कुणाचं मन धजेल? चुकली तर परत नाही. म्हणून बाई स्वस्तातली घेते, आणि विक्रेता म्हणतो की आमच्याकडे स्वस्तच खपते, बायकांना तेच हवं असतं. 34 डी कुणी मागत नाही म्हणून तो ठेवत नाही. ठेवत नाही म्हणून 34 डीची बाई अडतीस मागायला शिकते. हे चक्र थोडं मोडलं ते ऑनलाइन विक्रीने. रिचा कर यांनी 2011 मध्ये बंगळूरुहून झिवामे सुरू केलं, नंतर क्लोव्हियासारखे ब्रँड आले. मापाचा तक्ता, एकांतात निवड, आणि दुकानदाराने कधी फळीवर न ठेवलेल्या साइजेस गावापर्यंत पोचल्या. काउंटरमागच्या पुरुषासमोर ‘डी’ हे अक्षर उच्चारायचं नसेल तर बाई ते मागते, हे यातून दिसलं. याच काळात, 2013 साली, मुंबई महापालिकेच्या सभागृहात दुकानांबाहेरच्या अंतर्वस्त्रं घातलेल्या पुतळ्यांवर बंदी घालावी असा ठराव झाला होता. पुतळ्यांमुळे बायकांवरच्या गुन्ह्यांना चिथावणी मिळते, असा त्यामागचा विचार. दुकानात बाईसाठी आडोशाची एक खोली असावी, माप घ्यायला एक बाई असावी, असा ठराव कुणी आणला असता तर मला जास्त आनंद झाला असता.

वय वाढतं तशी पसंती पुन्हा बदलते. सांधे आखडलेल्या, खांदा जखडलेल्या बाईला मागचा हुक लावणं अशक्य होतं; समोरून हुक असलेली ब्रा तिला रोजची एक ओढाताण वाचवते. बाळंतपणानंतर, रजोनिवृत्तीच्या काळात, वजनात मोठा फरक पडल्यावर माप नव्याने घ्यावंच लागतं. ब्रा घातल्याने, विशेषतः तारेच्या ब्राने कॅन्सर होतो, असा संदेश मोबाइलवर फिरत असतो. 1995 च्या एका अमेरिकी पुस्तकाने ही भीती पसरवली. सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने 2014 मध्ये 55 ते 74 वयाच्या सुमारे दीड हजार बायकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किती तास घातली, तार होती की नव्हती, कितव्या वर्षी सुरू केली, हे सगळं विचारून पाहिलं; कर्करोगाशी संबंध दिसला नाही. तार टोचत असेल तर ती चुकीच्या मापाची खूण आहे, ब्रा बदलावी. भीती नको.

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईसाठी मात्र ब्राची निवड हा उपचाराचाच पुढचा भाग आहे, आणि आपल्या दुकानांत तिच्याइतकं एकटं गिऱ्हाईक दुसरं नसेल. एक स्तन काढल्यावर दोन्ही बाजूंचा भार सारखा राहत नाही, खांदा आणि पाठ एका बाजूला ओढली जाते. त्यासाठी कपाला आतून खिसा असलेली ब्रा मिळते. खिशात कृत्रिम स्तन बसतो. बार्बी बाहुली जगापुढे आणणाऱ्या रूथ हँडलर यांना 1970 मध्ये ही शस्त्रक्रिया करावी लागली. बाजारात मिळणारे कृत्रिम स्तन त्यांना इतके निकृष्ट वाटले की त्यांनी स्वतः ‘निअरली मी’ या नावाने चांगले बनवायला घेतले. काही बायकांना कृत्रिम स्तन अजिबात नको असतो, आणि तोही त्यांचाच निर्णय. सुरुवातीच्या दिवसांत जखम हुळहुळी असते, हात मागे जात नाही. तेव्हा मऊ सुती, बिनतारेची, समोरून हुकांची आणि बगलेकडे रुंद कापड असलेली ब्रा घ्यावी, आणि कृत्रिम स्तन केव्हा वापरायला सुरुवात करायची ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.